काचेला चिकटवलेला साक्षीदार

"आज मंगळवार. सकाळचे सव्वानऊ. हवा कोरडी. काच पुसलेली आहे. गाडी मी चालवतेय. पोटात भाकरी आहे, झोप झालीय, कुणाशी भांडून निघाले नाही. गाडीत मी एकटी. चला."

हे बोलणं कुणाशी चालतं, ते जुळे सोलापुरात राहायला आल्यावर कितीतरी दिवस मला कळलं नव्हतं. माझ्या खोलीची खिडकी गाडी लावायच्या बाजूला उघडायची. मला वाटायचं, घरमालकीणबाई रोज सकाळी फोनवरून कुणाला तरी हजेरी देतात. मुलाला असेल, नाहीतर डॉक्टरला. शेवटी एकदा तोंडात ब्रश धरून खिडकीतून वाकून बघितलं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, कानाला फोन नव्हता. अक्का समोरच्या काचेला चिकटवलेल्या, साबणाच्या वडीएवढ्या काळ्या डबीकडं तोंड करून बोलत होत्या. "कुणाशी भांडून निघाले नाही" म्हणताना त्या जरा अडखळल्या, आठवून बघितलं आणि दुरुस्ती केली, "दूधवाल्याशी थोडं झालं. पण मिटलं." मग गिअर टाकला.

माणूस शहाणा की यडा, हे ठरवायची मला घाई असते. आमच्या संघटनेच्या कामाची सवयच ती. पत्रकाला एकच पान मिळतं आणि त्यात बाजू घ्यावी लागते. अक्कांच्या बाबतीत ते पान मला कधी भरता आलं नाही. म्हणून हे एवढं लांबण.

मी नातेपुत्याची. सोलापुरात खोली शोधताना घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग माझ्या टेबलावर कुणाचा फोटो असणार याचा अंदाज घेतला, आणि प्रत्येकाची खोली नेमकी आदल्या दिवशीच गेलेली निघाली. यावर मी पत्रकात लिहिलंय, इथं पुन्हा लिहीत बसत नाही. अक्कांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं ते असं: "गाडी चालवतीस का?"

"नाही."

"मग ऱ्हा. शेजारी बसून ब्रेक मारणारी माणसं नकोत मला."

अक्का लिंगायत, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. राग आणि माया कन्नडमधून, बाकी सगळा व्यवहार मराठीतून. कपाळावर विभूतीची आडवी बोटं, सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चपलेत पाय सटकतो, ब्रेक चुकतो, म्हणून बूट. लग्नाला गेल्या तरी बूट. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा की. तुमच्या नवरीच्या अंगावर गाडी घातली नाही, त्याचं काय?"

मुलगा बेंगळुरूला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गाडी जुनी, पांढरी, छोटी. ती त्यांनी निवृत्तीनंतर घेतली आणि निवृत्तीनंतरच चालवायला शिकल्या. कॅमेरा त्यानंतर आला. भाच्यानं ऑनलाइन मागवला, स्वस्तातला. खोक्यावर लिहिलं होतं, समोरच्याची चूक पकडा. अक्कांनी तेवढ्याच मजकुरावर खिळ्यानं रेघ मारली होती. खोकं अजून त्यांच्या कपाटावर असेल.

"समोरच्याची चूक मला दिसतीच की," त्या म्हणाल्या. "डोळे हायत. माझी दिसत नाही. त्याला हा."

एकदा पार्क चौकात वाहतूक पोलिसानं थांबवलं आणि काचेकडं बोट दाखवून विचारलं, "मावशी, हे काय लटकवलंय?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "माझ्या विरुद्धचा साक्षीदार." पोलीस गोंधळला. त्याच्या नोकरीत असला साक्षीदार कुणी पदरमोड करून ठेवलेला नसावा. मी शेजारी बसले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी वर बघितलं.

पण साक्षीदाराचं सोलापुराशी पटेना. इथल्या उन्हात बंद गाडीत चामड्याची पर्ससुद्धा मऊ होते, तर ह्या डबीची काय कथा. रबराची वाटी काचेवरून सुटायची आणि कॅमेरा अक्कांच्या मांडीत पडायचा. तापला की गप्प. गाडीतल्या पुढच्या फळीचं प्रतिबिंब काचेत पडून रस्त्याच्या जागी फळीच दिसायची. त्यावर अक्कांनी जुन्या काळ्या परकराचा तुकडा फळीवर अंथरला. चमक गेली. तापण्यावर उपाय असा, की गाडी थांबली की कॅमेरा काढायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि घरात माठाच्या लाकडी झाकणावर ठेवायचा. पाणी प्यायला येणाऱ्यानं आधी साक्षीदाराला उचलून बाजूला ठेवायचं, मग तांब्या बुडवायचा.

आता, ह्या डबीच्या पोटातला सेल पहिल्याच उन्हाळ्यात गेलेला. गाडीतून काढली की ती तारीख विसरायची आणि पुन्हा लावली की दर वेळी काही वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीपासून सुरू व्हायची. मी म्हटलं, "अक्का, दोन बटणं दाबली की तारीख बसते. रोज मी करून देते."

"कशाला? तोंड आहे की मला."

म्हणून ती सकाळची हजेरी. चित्रात कोपऱ्यात एक जानेवारी, आणि आवाजात खरी तारीख. तारीख, वेळ, हवा, पोट, झोप, भांडण. गाडीत दुसरं कुणी असलं तर "गाडीत दोघी" किंवा "गाडीत तिघं". नाव कधीच नाही. मी बसले तरी "दोघी". मी एकदा चिडून म्हटलं, मला नाव आहे. "असू दे," अक्का म्हणाल्या. "ते तुझ्यापाशी ठेव."

ही सवय टेलिफोन एक्सचेंजची. अक्का तिथं ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडण्याच्या काळापासून. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंगल. जोडून द्यायचं, लाइन नीट आहे का ते क्षणभर ऐकायचं आणि बाजूला व्हायचं. ऐकलं तरी ऐकलं नाही म्हणायचं. त्या एकदा म्हणाल्या, "निम्मं सोलापूर माझ्या कानातून गेलंय, पोरी. कुणाचं दिवाळं, कुणाचं बाळंतपण, कुणाचं काय काय. शेजारीण विचारायची, अमक्याचं लग्न का मोडलं? मला ठाऊक असायचं. मी म्हणायची, वांगी काय भाव आणलीस?"

मी खोदून विचारायची, एक तरी गोष्ट सांगा, आता तर माणसंही राहिली नसतील.

"माणसं गेली म्हणून लाइन माझी होत नाही."

रोज दुपारी चहाबरोबर त्या आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग बघायच्या, माझ्या लॅपटॉपवर. मालिका बघावी तसं. स्वतःचीच गाडी, स्वतःचंच वळण. "नोडु, नोडु," म्हणजे बघ बघ, "काय घाई होती हिला? कुटं जायचं होतं भवानीला?" भवानी म्हणजे त्या स्वतः. आवाज बंद असायचा. गाडीत कुणी बसून गेलेलं असेल तर त्याचं बोलणं पुन्हा ऐकू नये म्हणून.

एकदा त्यांना दिसलं, की आसरा चौकाजवळ त्यांनी एका हातगाडीवाल्याला इतकं कडेला दाबलं, की त्याचे पेरू सांडले. गाडी चालवताना कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्याला शोधायला निघाल्या. सापडला. अक्का उतरल्या, बूट वाजवत समोर गेल्या आणि कडक आवाजात म्हणाल्या, "काल ह्याच ठिकाणी तुम्ही होता. माझ्याकडं कॅमेऱ्यात आहे सगळं."

त्यानं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्या खांद्यावरच्या झोळीकडं बघितलं. महापालिकेची माणसं समजून ताडपत्री ओढली आणि गाडी ढकलत पळायलाच लागला. अक्का मागं. "अहो थांबा, माझं चुकलंय, माझं!" तो पुढून ओरडतोय, "बाई, पावती हाय माझ्याकडं, आजची हाय!" शेवटी एका रिक्षावाल्यानं गाडी अडवली. अक्कांनी धापा टाकत हात जोडले. पेरूवाल्याला ते काही केल्या कळेना. जिनं धक्का दिला तीच माफी मागायला आली, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात बसत नव्हती. त्यानं घाबरून दोन पेरू हातात दिले. अक्कांनी पैसे पुढं केले तर तो ते घेईना. परत येताना त्या एकच म्हणाल्या, "माफी मागायला बी पद्धत पाहिजे. माझी सुरुवात चुकली."

मी हसत होते, पण मला राग पण येत होता. राग कॉलनीवर. ह्याच कॉलनीतले लोक अक्कांना 'कॅमेरेवाली म्हातारी' म्हणायचे आणि स्कूटरला ओरखडा पडला की पहिले त्यांच्याच दारात यायचे. सोसायटीचे अध्यक्ष आले होते, त्यांच्या मुलीच्या मागं विजापूर रोडला कुठला मुलगा फिरतो ते बघायला. अक्कांनी चहा दिला, खारी दिली. रेकॉर्डिंग दिलं नाही.

"अहो, सार्वजनिक रस्ता आहे," अध्यक्ष म्हणाले.

"रस्ता सार्वजनिक आहे. पोरगी नाही."

अशी बाई आपल्या बाजूला हवी, असं मला फार वाटायचं. माझी पत्रकं त्या चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायच्या आणि परत द्यायच्या. "तुझी सगळी वाक्यं उभी असतात," म्हणायच्या. "एक तरी खाली बसव. पाय दुखत असतील त्यांचे."

मग ती गोष्ट झाली, जिच्यामुळं मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

एका दुपारी त्या चहाला उशिरा आल्या. कॅमेरा माठावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. "होटगी रोडला एक माणूस पडला आज," म्हणाल्या. "मोठी गाडी. इशारा नाही, हात नाही, एकदम उजवीकडं घेतली. तो बिचारा सरळ येत होता. पाय मोडला त्याचा."

संध्याकाळी आमच्या गटाचा फोन आला तेव्हा कळलं, पडलेला आमचाच. पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा, आधी यंत्रमागावर होता, माग बंद पडल्यावर दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवायचा. दोन लेकरांचा बाप. डिलिव्हरी करणाऱ्यांना विमा मिळावा म्हणून आम्ही जे झगडत होतो, त्यात तो सगळ्यात पुढं असायचा. गाडी होती एका बिल्डरची, आणि चालवत होता बिल्डर स्वतः. लोकांनी सांगितलं, खाली उतरून त्यानं आधी दरवाजाचा पोचा बघितला, मग माणूस. आणि गुन्हा कुणावर? तर भरधाव आणि हयगयीनं दुचाकी चालवल्याबद्दल आमच्या माणसावर.

दवाखान्यात मी त्याच्या उशाशी गेले तर तो प्लास्टरकडं बघत म्हणाला, "पाय माझा मोडला मॅडम, गुन्हा बी माझाच. कंपनीनं आयडी बंद केला. खटला उभा ऱ्हायला तर लायसन्स जातंय. मग मी करू काय?"

मी म्हटलं, काळजी करू नका, व्हिडिओ आहे. इतक्या खात्रीनं म्हटलं, की त्यानं माझा हात धरला.

अक्का मात्र त्याच दिवशी आपण होऊन पोलिसांत जाऊन आल्या होत्या. जबाब दिला होता. हवालदारानं विचारलं, "वय काय बाई तुमचं? गाडी चालवत होता का बघत बसला होता?" मग विचारलं, "गाडीत कॅमेरा आहे का?"

खोटं बोलायची सोय अक्कांच्यात नव्हतीच. "आहे."

"मग कार्ड जमा करा."

"विचारून देते."

"कुणाला विचारून? गाडी तुमची, कॅमेरा तुमचा."

"आवाज माझ्या एकटीचा नाही."

हवालदारानं जोर केला नाही. जोर करायची त्याला गरज नव्हती, कारण कार्ड न येणंच वरच्यांना सोयीचं होतं. हे मी आजही कुठंही म्हणेन.

गाडीत त्या दिवशी एक बाई होती. अक्कांनी तिला कुठंतरी सोडायला घेतलं होतं आणि ती रस्ताभर बोलत होती. कोण, ते अक्कांनी मला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की तिचा नवरा त्याच बिल्डरच्या ऑफिसात नोकरीला आहे, म्हणून अपघात झाल्यावर ती खाली उतरू शकली नाही, पदर तोंडावर ओढून सीटवर वाकून बसली. आणि ती जे बोलली ते नवऱ्याच्या कानावर गेलं तर तिचं घर राहील का, सांगता येत नाही.

मी म्हटलं, आवाज काढून टाकू, नुसतं चित्र देऊ. अक्का तयार झाल्या. अपघाताचा तेवढा तुकडा, मुका, त्यांनी स्वतः मला मोबाइलमध्ये उतरवून दिला. तो घेऊन मी चौकीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं दोनदा बघितला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ताई, ह्यात एक जानेवारी दिसतंय. त्या साली ह्या रोडला दुभाजकच नव्हता."

"खरी तारीख आवाजात आहे."

"आवाज कुठाय?"

मी मोबाइल झोळीत टाकला.

"मूळ कार्ड आणा. कापलेलं, पुसलेलं चालत नाही. आणि सांगून ठेवतो, कार्ड आलं की समोरच्या वकिलाला त्याची कॉपी द्यावी लागते. सगळ्याची."

घरी येऊन मी अक्कांना काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एका बाईचं घर आणि एका कामगाराचं आयुष्य यांत तुम्ही घर निवडता, म्हणाले. तुम्ही कॉलनीतल्या सगळ्या अशाच, म्हणाले. त्या चपाती लाटत होत्या. ती लाटून तव्यावर टाकली.

"मला दोघांचं पडलंय," मग म्हणाल्या. "तुला एकाचंच. म्हणून तुझा आवाज मोठा निघतो."

"मग विचारा ना तिला! रोज विचारा!"

"एकदा विचारलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्यांदा विचारलं की ते विचारणं ऱ्हात नाही."

अपघाताच्या दिवसापासून अक्कांनी गाडी काढली नव्हती. कॅमेऱ्याचं कार्ड लहान. भरलं की नवं जुन्यावर चढतं आणि जुनं पुसत जातं. गाडी चालली असती तर होटगी रोड दोन-चार दिवसांत पुसला गेला असता. कार्ड त्यांनी कॅमेऱ्यातून काढलं नाही, दुसरं घातलं नाही. बोलणं टाकायच्या आधी मी म्हटलं होतं, दुसरं कार्ड घाला, कितीसं पडतं? तर म्हणाल्या, "दुसरं घातलं की हे पेटीत जाईल, आणि पेटीतलं विसरायला लई सोपं असतं. गाडी उभी दिसू दे. मला बी दिसू दे."

गाडीवर जुनी सोलापुरी चादर टाकून त्या पायी बाजाराला जाऊ लागल्या. गुडघे दुखायचे. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत, कॅनव्हासचे बूट घासत यायच्या. उन्हातून येऊन फाटकाशी थांबून गाडीकडं बघायच्या. कॉलनीत चर्चा, म्हातारीचे डोळे गेले वाटतं. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण खिडकीतून बघत होते. मला ते कोडंच होतं. ही बाई स्वतःला शिक्षा करतेय, का कुणाची वाट बघतेय? आणि वाट बघणं हेसुद्धा एक काम असतं का, जे आमच्या संघटनेत कुणालाच येत नाही?

इकडे पोलिसांची खटला कोर्टात पाठवायची तयारी चालली होती. आमच्या माणसाच्या बायकोनं विड्या वळायचं काम वाढवलं होतं. तिनं मला व्हिडिओचं विचारणं सोडून दिलं, ते मला जास्त लागलं.

आणि एका दुपारी ती आली. मागच्या गल्लीतली वहिनी. कॉलनीत दिसायची, मान खाली, हातात डबा. चादर घातलेल्या गाडीला वळसा घालून आत आली आणि दारातच म्हणाली, "अक्का, मी रोज हितनं जाते. रोज ही गाडी दिसते. मला एकदा ऐकवा, मी काय बोललेय ते. मला नीट आठवंना."

अक्कांनी माठावरून कॅमेरा उचलला, कार्ड माझ्या लॅपटॉपला लावलं, तिला खुर्चीत बसवलं. मला म्हणाल्या, "चल ऊठ." आम्ही दोघी मागं गेलो. अक्का धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला लागल्या, नळ पूर्ण सोडून. मी पायरीवर बसले. इतक्या दिवसांनी आम्ही दोघी जवळ बसलो होतो, आणि नळाच्या आवाजात काही बोलायची सोय नव्हती.

वहिनी बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. "माझा आवाज एवढा बारीक आहे व्हय?" म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तुम्ही ऐकलंत?"

"नाही."

"त्या माणसाला लेकरं हायत ना?"

"दोन."

तिनं एक ओलं भांडं उचलून पालथं घातलं. "मला उद्याचा दिवस द्या. ह्यांना ते वकिलाकडनं कळायच्या आधी माझ्याकडनं कळू दे."

एक दिवस काय, एक तास काय! मी तोंड उघडलं होतं.

"साकु," अक्का म्हणाल्या. पुरे. मी तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकीत गेलो. अक्का आणि मी गाडीनं, कॅमेरा न लावता. वहिनी नवऱ्याच्या स्कूटरवरून आली. तो तिला दारात सोडून रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला, आत आला नाही. शर्ट इस्त्रीचा, चेहरा जागरणाचा. अक्कांनी कार्ड अधिकाऱ्याच्या हातात दिलं, सही केली आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. अधिकारी म्हणाला, बसा की बाई, तुमचंच आहे. त्या म्हणाल्या, "माझं मी ऐकलंय. दुसऱ्याचं दुसऱ्यांदा ऐकत नाही."

अधिकाऱ्यानं ते लावलं. आधी अक्कांची हजेरी: वार, तारीख, वेळ, हवा कोरडी, गाडीत दोघी. हवालदारानं ते लिहून घेतलं. "पोटात भाकरी" हेसुद्धा त्यानं लिहिलं आणि मग खोडलं. अधिकाऱ्यानं चित्र पुढं ओढलं, होटगी रोडपाशी आणलं. रस्ता पळत होता आणि एक बारीक आवाज बोलत होता. घरात सांगितलंय दात दुखतोय म्हणून. लॅबची नोकरी मिळाली तर लग्नाआधी शिकलेलं सार्थकी लागेल. ह्यांना विचारलं तर हे आईकडं बघतात. त्या घरात माझा आवाज कुकरच्या शिट्टीएवढाच. राहू का निघू, तेच कळंना अक्का.

हवालदार खाली बघायला लागला. माणूस बरा असावा. त्यानं हात लांबवून आवाज कमी केला.

"कमी करू नका साहेब," वहिनी म्हणाली. "मधेच अक्का बोलल्यात. तेच ऐकायचंय तुम्हाला."

हवालदारानं अधिकाऱ्याकडं बघितलं. तेवढ्यात तिनंच उठून स्पीकरचं बटण फिरवलं. पार फिरवलं. चौकीत सगळीकडं तिचा आवाज झाला, चुलीवरून, सासूवरून, कुठल्याशा साडीवरून, आणि त्या बोलण्याच्या मधेच अक्का स्पष्ट म्हणाल्या, "एक मिनिट हं. हा समोरचा इशारा न देता वळतोय. थांबते मी." मग तो दणका.

अधिकाऱ्यानं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. वहिनी उभीच होती. शेवटी अधिकाऱ्यानं टोपी टेबलावर ठेवली आणि लेखनिकाला म्हणाला, "त्या डिलिव्हरीवाल्याचा कागद काढ. हे असं पाठवता येणार नाही. आणि गाडीवाल्याला बोलावून घे."

मी पळत बाहेर आले, अक्कांना सांगायला. बाकावर त्यांच्या शेजारी वहिनीचा नवरा येऊन बसला होता. रस्ता ओलांडून कधी आला कुणास ठाऊक. आतून आवाज येतच होता, चौथ्यांदा. तो त्याला तिथून अर्धामुर्धा ऐकू येत असणार, कारण त्याची मान एका बाजूला कलली होती.

"अक्का," तो म्हणाला, "काल तिनं सांगितलं मला. सगळं सांगितलं म्हणाली. पण खरंच सगळं का? काय काय बोलली ती गाडीत?"

अक्का बुटाची नाडी बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"मला काय विचारतोस? ती आत हाय. जा की."

तो उठला, शर्ट नीट केला आणि आत गेला.